ओवीखाली कॉर्ड बसत नाहीत, आणि बार्टोक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक विद्यार्थी पियानोच्या परीक्षेसाठी बार्टोक या हंगेरियन संगीतकाराची ‘रुमानियन लोकनृत्यं’ वाजवतो आहे. शिक्षकांनी सांगितलं, की या चाली बार्टोकच्या नाहीत, त्यानं खेड्यापाड्यांत फिरून गोळा केल्या. मग यात बार्टोकचं असं काय, आणि याला चोरी का म्हणू नये? दुसरं, त्याच्या फोनवर आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. त्यावरून पियानोसाठी काही रचायचं आहे, पण खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर, घातले की ओवीचं भक्तिगीत होतं. कुठे चुकतंय?

मी बरीच वर्षं पियानो शिकवतो, अधूनमधून नाटकांना संगीत देतो, आणि ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. एका नाटकात धनगरी ओवी हवी होती. गाणाऱ्या बाईंचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्याखाली कीबोर्डवर सी मेजर, एफ, जी असे लांबलचक कॉर्ड पसरले. बाई ज्या गंधारावर थांबायच्या तो ना धड कोमल, ना धड शुद्ध. माझ्या सी मेजरमध्ये शुद्ध गंधार ठणठणत होता. प्रयोगाला आलेल्या दोघांनी मला सांगितलं, आवाज छान आहे पण जरा बेसूर लागलाय. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी लागणारा सूर माझ्या कीबोर्डमुळे बेसूर ठरला. त्यानंतर मी बार्टोक पुन्हा काढला. या वेळी वाजवायला नाही, तो नेमकं काय करत होता ते बघायला.

आधी माणूस. बेला बार्टोकचा जन्म १८८१ चा, नाज्सेंटमिक्लोश या गावातला. ते गाव तेव्हा हंगेरीत होतं, आता रुमानियात आहे. तेविसाव्या वर्षापर्यंत खेड्यातल्या गाण्याशी त्याचा संबंध नव्हता. तो उत्तम पियानोवादक होता, लिस्ट आणि रिचर्ड स्ट्राऊस या संगीतकारांच्या वळणाचं लिहीत होता आणि मनानं कट्टर हंगेरियन होता. त्या काळी ‘हंगेरियन संगीत’ म्हणजे शहरातल्या कॅफेत जिप्सी वाद्यवृंद वाजवायचे ते. लिस्टच्या आणि ब्राम्सच्या हंगेरियन रचना त्यातूनच आल्या. १९०४ च्या उन्हाळ्यात तो एका खेड्यात राहायला गेला होता. तिथे ट्रान्सिल्व्हेनियातून (तेव्हा हंगेरीतला, आता रुमानियातला भाग) आलेली लिदी दोशा नावाची तरुण मोलकरीण लाल सफरचंदाचं एक गाणं गुणगुणत होती, ते त्याच्या कानावर पडलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि तिला आणखी गायला लावलं. पुढच्याच वर्षी त्याची झोल्तान कोदाय या संगीतकाराशी गाठ पडली. कोदाय तेव्हा लोकगीतांतल्या कडव्यांच्या बांधणीवर प्रबंध लिहीत होता, त्यामुळे बार्टोकच्या उत्साहाला शिस्त लागली. १९०६ मध्ये दोघांनी मिळून वीस हंगेरियन लोकगीतांचं छोटं पुस्तक काढलं, प्रत्येकाची दहा.

मग फोनोग्राफ आला. मेणाचं नळकांडं, त्यावर कर्णा, आणि एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं. वाजवून वाजवून मेण झिजतं, म्हणजे प्रत्येक वेळी ऐकताना मूळ रेकॉर्डिंग थोडं मरतं. फोनवर दोन तासांची फाइल बिनदिक्कत ठेवणाऱ्या आपल्याला ही टंचाई कळत नाही. पण त्या टंचाईमुळेच त्याला जागच्या जागी कान देऊन लिहावं लागलं. एक-दोन कडवी मेणावर, बाकी कागदावर.

१९०७ च्या उन्हाळ्यातलं त्याचं एक पत्र आहे. त्यात ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका बाईकडून जुनं गाणं काढून घेण्याची खटपट त्यानं चक्क नाटकातल्या संवादासारखी लिहिली आहे. हा म्हणतो, फार जुनं काहीतरी म्हणा. बाई म्हणते, मला कुठलं येतंय. मग कसंबसं गाते, तर ते अलीकडचं निघतं, नाहीतर चर्चमधलं. गावात रेकॉर्डर घेऊन बसलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. आमच्याकडेही आधी ‘मला काय येत न्हाय बाबा’, मग एखादं सिनेमातलं गाणं, आणि आपण रेकॉर्डर बंद करून चहाला बसलो की आतून खरी ओवी ऐकू येते.

त्याच उन्हाळ्यात, त्याच भागात, त्याला हवं ते सापडलं. जुन्या चालींमध्ये पाचच सूर होते. तो सगळ्या चाली शेवटचा सूर ‘जी’ धरून लिहायचा, म्हणजे एकीशी दुसरी ताडून बघता येते. असं लिहिल्यावर सूर आले जी, बी फ्लॅट, सी, डी, एफ. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानीचे सूर. राग धानी नव्हे, ते चलन नाही, ती सजावट नाही. पण पेटीवर धानीचे सूर लावलेत तर या चाली त्याच पट्ट्यांवर वाजतील. आणखी एक खूण म्हणजे चाल वरून खाली उतरत येते, आणि पुष्कळदा पहिल्या दोन ओळींत जे गायलं तेच पुढच्या दोन ओळींत पंचमाच्या अंतरानं खाली. कॅफेतल्या संगीतात यातलं काही नव्हतं.

आता तुमच्या कॉर्डच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर या पाच सुरांत आहे. शाळेत शिकवलेली हार्मनी, म्हणजे कॉर्डची व्यवस्था, कशावर उभी आहे? शुद्ध निषादावर. जी सेव्हन वाजला की त्यातला ‘बी’ वर ‘सी’कडे ओढ घेतो, आणि ती ओढ संपली की कानाला घरी आल्यासारखं वाटतं. धानीच्या सुरांत तो निषादच नाही. कोमल नि आहे आणि त्याला कुठे पळायची घाई नाही. अशा चालीखाली तुम्ही पाच-एक, पाच-एक (पंचमावरचा कॉर्ड, मग षड्जावरचा) करत राहिलात तर चालीत नसलेली ओढ तुम्ही बाहेरून आणून बसवता. ओवीचं भक्तिगीत होतं ते इथे. तुमच्या आजीच्या ओवीत बहुधा चारच सूर असतील, फार तर पाच. त्यात घरी जायची घाई नसणारच. दळण संपेपर्यंत ती गायची असते.

बार्टोकनं काय केलं? त्यानं चालीलाच विचारलं की तुझ्यात कुठले सूर बरोबरीनं नांदतात. या पाच सुरांत सा, कोमल ग, प आणि कोमल नि यांचं वजन जवळपास सारखंच आहे. मग चालीत जे एकामागून एक येतं ते एकत्र वाजवलं तर का चालू नये? त्यानं स्वतः नोंदवून ठेवलंय, की १९०५ मध्येच एफ शार्प मायनरमधली एक रचना त्यानं एफ शार्प, ए, सी शार्प, ई या चार सुरांच्या कॉर्डवर संपवली. सरगमात सा ग प नि, ग-नि कोमल. पुस्तकाप्रमाणे तो निषाद विसंवादी, त्याला सोडवायला हवं. त्यानं सोडवला नाही. चालीत तो स्वस्थ बसतो, तर कॉर्डमध्येही स्वस्थ बसेल, एवढाच हिशेब. तसंच या जुन्या चालींत चौथ्या सुराच्या उड्या वारंवार येतात, तर चौथ्यावर चौथा रचून त्यानं कॉर्ड केले. त्याच्या संगीतातला ‘आधुनिक’ कडवटपणा बराचसा असा खेड्यातून आलेला आहे. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. त्यांना वाटतं ते व्हिएन्नातल्या नव्या संगीतकारांकडून आलं असेल.

एक प्रयोग करा. पियानोवर आजीची ओवी एका बोटानं वाजवा. डाव्या हातानं फक्त तिच्यातलेच सूर वापरायचे, एकही बाहेरचा नाही. आधी एकच सूर धरून ठेवा, मग दोन. दोन सूर टोचले तर टोचू द्या.

आता चोरीचं. बार्टोक नुसता संगीतकार नव्हता, लेखकही होता, आणि चाल घेऊन संगीतकार काय काय करू शकतो यावर त्यानं १९३१ मध्ये लिहिलं आहे. त्याच्या मते वाटा तीन. पहिल्या वाटेत चाल जशीच्या तशी, किंवा किंचित बदलून घ्यायची, खाली साथ आणि पुढेमागे थोडं काही जोडायचं. दुसऱ्या वाटेत चाल स्वतःच करायची, पण लोकगीताच्या वळणाची. तिसऱ्या वाटेत ना चाल, ना नक्कल. पण ती भाषा इतकी अंगवळणी पडलेली असते की मातृभाषेसारखी आपोआप येते.

पहिल्या वाटेतही त्यानं दोन टोकं दाखवली. कधी साथ ही हिऱ्याच्या कोंदणासारखी, हिऱ्याला जागेवर धरण्यापुरती. कधी उलट, चाल नाममात्र आणि तिच्याभोवती उभं केलेलं सगळं त्याचं. तुम्ही वाजवताय ती १९१५ ची नृत्यं पहिल्या टोकाची. तिसरं नृत्य काढा, ‘पे लोक’, म्हणजे जागच्या जागी. वर बासरीसारखी बारीक चाल, मध्ये दीड स्वराची ती मोठी फट, आणि खाली जवळजवळ काहीच हलत नाही. परीक्षेत विद्यार्थी डाव्या हाताला ‘भाव’ द्यायला जातात आणि तिथेच फसतात. तो हात तंबोऱ्यासारखा आहे, त्याला भाव देऊ नका. पाचव्यात दोन आणि तीनच्या मात्रांची अदलाबदल आहे. ती मोजून वाजवली की अडखळते आणि पायात धरली की सरळ होते. दुसरं टोक बघायचं असेल तर १९२० मधल्या ओपस २० च्या आठ ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ ऐका. साध्या गावच्या चालीखाली किती दूर जाता येतं याची आपण तिथे हद्द गाठली, असं त्यानं पुढे स्वतः सांगितलं.

दुसऱ्या वाटेचा नमुना म्हणजे १९२३ ची ‘डान्स सूट’, वाद्यवृंदासाठीची नृत्यमाला. बुडा, पेश्त आणि ओबुडा एक होऊन बुडापेस्ट झालं त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सरकारी समारंभासाठी लिहिलेली. त्यात एकही लोकगीत उचललेलं नाही, पण एक प्रकरण अरबी वळणाचं, एक हंगेरियन, एक रुमानियन. हंगेरीनं नुकताच दोन तृतीयांश प्रदेश गमावलेला, बराचसा रुमानियाला गेलेला, आणि हा राजधानीच्या सोहळ्यात सगळ्यांना एका पंगतीला बसवतो. रुमानियन गाण्यांवर लिहिलं म्हणून त्याच्यावर मायदेशात देशद्रोहाच्या थाटाची टीका आधीच झाली होती.

अरबी कुठून आलं? १९१३ च्या जूनमध्ये तो अल्जीरियातल्या बिस्क्राला गेला, वाळवंटाच्या कडेला. उन्हानं हैराण होऊन दौरा आवरता घ्यावा लागला. पण तिथले ढोल आणि तीन-चार सुरांत घोटाळणाऱ्या चाली त्याच्या डोक्यात राहिल्या. त्याच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा) मधला भाग ऐका, तो ढोल तिथे व्हायोलिनांवर वाजतो. १९३६ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी तो तुर्कस्तानात अदानाच्या भागात फिरला, बरोबर तिथला संगीतकार अदनान सायगुन. पहिल्याच म्हाताऱ्या गायकाची पहिलीच चाल ऐकून त्याचा कानांवर विश्वास बसेना, कारण ती एका जुन्या हंगेरियन चालीची बहीण निघाली. बायकांनी मात्र परक्या पुरुषासमोर गायला साफ नकार दिला, ही खंत त्यानं लिहून ठेवली. या सगळ्यासाठी तो भाषा शिकत गेला. स्लोव्हाक, रुमानियन, थोडी अरबी, थोडी तुर्की. नुसत्या रुमानियन चालीच त्यानं तीन हजारांवर लिहिल्या. त्यांचे जाडजूड खंड त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी छापले गेले.

लयीचं थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे फुकटचा फायदा आहे. ‘मिक्रोकॉसमॉस’ म्हणजे त्याचे पियानोच्या १५३ तुकड्यांचे सहा भाग, आणि शेवटचे सहा तुकडे बल्गेरियन लयीतले. बाहेरचे विद्यार्थी यांना टरकतात. माझ्याकडे मी पहिल्या दिवशी पियानोचं झाकण उघडूच देत नाही. ‘तक’ म्हणजे दोन मात्रा, ‘तकिट’ म्हणजे तीन. १४९ वा: तक तक तकिट. १५१ वा: तकिट तक तकिट. १५२ वा: तक तक तक तकिट. शेवटचा: तकिट तकिट तक. टाळी द्या, चाला, मग बसा. रूपक म्हणजे तकिट तक तक, त्याला उलटा फिरवला की १४९ वा झाला. फरक वेगाचा आहे. इथे एकेक मात्रा मोजता येणार नाही इतकी जलद जाते, कान फक्त आखूड आणि लांब असे ठोके ऐकतो. बार्टोकलाही हे उशिरा कळलं. आपण आधी लिहून काढलेल्या काही रुमानियन चालींत हीच लय होती आणि तेव्हा कानाला पकडता आली नव्हती, हे त्यानं मान्य केलं आणि जुनी लेखनं दुरुस्त केली. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर यासाठी वाटतो. तीसच्या दशकात, जगभर नाव झाल्यावर, हा माणूस झिजलेली नळकांडी पुन्हा लावून तीच चाल पुन्हा लिहीत होता, आधीपेक्षा बारीक.

सगळंच पटतं असं नाही. कॅफेतल्या संगीताच्या रागापायी तो जिप्सी वादकांना फार कमी लेखायचा. शेतकऱ्याचं ते अस्सल आणि पैसे घेऊन वाजवणाऱ्याचं ते भेसळ, असा त्याचा बराच काळ खाक्या होता. आणि गंमत बघा, तुम्ही वाजवताय त्यातलं पहिलंच नृत्य त्यानं जिप्सी सारंगीवाल्यांकडून ऐकलं होतं. व्हायोलिनला तिकडच्या खेड्यात सारंगीचीच जागा आहे म्हणून सारंगीवाले म्हटलं. नंतर, अमेरिकेत गेल्यावर, १९४२ मध्ये त्यानं उघड लिहिलं की शेजाऱ्यांची देवाणघेवाण झाली म्हणूनच पूर्व युरोपातलं संगीत इतकं श्रीमंत आहे. आपल्याकडे ‘अस्सल लावणी’, ‘अस्सल गोंधळ’ म्हणून भांडणाऱ्यांनी त्याचं तरुणपणचं लेखन वाचून थांबू नये.

तर चोरी का? त्याच्या शास्त्रीय संग्रहांत प्रत्येक चालीखाली गाव, तारीख, गाणाऱ्याचं नाव आणि वय असतं. पियानोच्या छापील प्रतीवर मात्र ती नावं नव्हती.  मला हे अपुरं वाटतं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव आहे. तुमची रचना झाली की पहिल्या पानावर आजीचं नाव, गाव आणि रेकॉर्डिंगची तारीख लिहा. आजी ‘माझं कशाला’ म्हणतील, तरी लिहा.

आणि रचना आत्ता लिहू नका. आधी ओवी लिहून काढा. रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करा, एक ओळ वीस वेळा ऐका. ‘बाई’, ‘गं’ ही भरीची अक्षरं गाळू नका, लय बरेचदा त्यांच्याच खांद्यावर असते. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूर आला तर वर किंवा खाली बाण काढा, जवळच्या पट्टीत कोंबू नका. बार्टोक असेच बाण काढायचा. दुसऱ्या कडव्यात चाल बदलली तर ती चूक समजून पहिल्यासारखी करू नका, दोन्ही लिहा. पाच ओव्या अशा लिहून झाल्या की डावा हात काय वाजवेल हे विचारावं लागणार नाही.

एक मात्र तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये नसावं असं प्रश्नावरून वाटतं. आजी खुर्चीत बसून गायल्या असतील. गावी जातं अजून असेल तर त्यांना त्यावर बसवून पुन्हा गायला सांगा, आणि जात्याची घरघर वेगळीही रेकॉर्ड करा. ओळ कुठे सुरू होते, खुंटा कुठे असतो, फेरा संपतो तिथे शब्द संपतो की पुढे जातो, हे बघितल्याशिवाय डाव्या हाताची लय ठरवू नका. फक्त जातं रिकामं फिरवायला लावू नका, दगडाला दगड घासतो. मूठभर जोंधळे घाला.